मोटरहोमच्या छताची शाकारणी: फायबर फुटत नाही, सांधे सुटतात

तळ्याकाठचा

आमचं घर राजापूर तालुक्यातलं, कौलारू. मे संपत आला की शाकारणी व्हायची. गडी शिडी लावून वर चढायचे, कौलं उतरवून झाडायचे, फुटकी बाजूला काढायचे, वाशांना वाळवी लागली आहे का ते बघायचे. आजी अंगणात उभी राहून सांगायची, "माजघरात थेंब पडत होता, पण कौल तिथलं नाही हां, वरच्या अंगाचं बघा." पाणी शिरतं एकीकडे आणि पडतं दुसरीकडे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आता मी ओहायोत, ईरी सरोवराजवळ राहतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही जुनं मोटरहोम (आत राहता येईल अशी गाडी) घेतलं. क्लास सी, २७ फूट, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असतो ते. छत फायबरग्लासचं. विकणारे गृहस्थ म्हणाले, "रबराच्या छतासारखी कटकट नाही, याच्याकडे बघायलाही नको." मी ते खरं मानलं आणि दीड वर्ष एकदाही वर चढलो नाही.

गेल्या सप्टेंबरात शेनांडोहहून परतताना हायवेवर चार तास पाऊस लागला. घरी आल्यावर वरच्या पलंगाची गादी उचलली तर डाव्या कोपऱ्यात खालचा प्लाय ओला. नवल म्हणजे दारात उभ्या गाडीवर रात्रभर पाऊस पडला तर काही होत नाही, धावत्या गाडीत मात्र पाणी येतं. समोरच्या टोपीचा (म्हणजे गाडीच्या पुढच्या फायबरच्या तोंडाचा) आणि छताचा सांधा दिसत होता, त्यावर नवीन सीलंट भरलं. ऑक्टोबरात पुन्हा ओल.

हिवाळाभर वाचलं, विचारलं. या शनिवार-रविवारी पहिल्यांदा नीट पाहणी केली, ती इथे लिहून ठेवतो.

हे छत म्हणजे फायबरची जाड कवटी नव्हे. वरचा पांढरा फायबरग्लासचा पत्रा अगदी पातळ असतो. त्याखाली पातळ प्लाय, मग थर्माकोल, मधे अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, आणि आतून आपल्याला दिसणारं आढं. सगळं चिकटवून एकच फळी केलेली. फायबरमधून पाणी जात नाही, पण एखाद्या भोकातून ते प्लायपर्यंत पोचलं की बाहेर पडायला वाट नाही. प्लाय कुजतो, थर सुटतात, वरचा पापुद्रा फुगतो.

आणि भोकं किती आहेत ते मोजलं. हवेचे दोन झरोके, एसी, फ्रिजची चिमणी, सांडपाण्याच्या टाक्यांचे दोन हवापाइप, अँटेना, मागच्या शिडीचे पाय, जुन्या सोलर पॅनलचे आठ स्क्रू. शिवाय पुढची टोपी, मागची टोपी आणि दोन्ही लांब कडा. म्हणजे छताची पाहणी म्हणजे या भोकांची आणि कडांची पाहणी.

चढण्याआधी आतून सुरुवात केली. कपाटं रिकामी करून वरच्या कोपऱ्यांत हात फिरवला. टोचायचा ओलावामापक आणला. कोरड्या लाकडात तो १० ते १५ टक्के दाखवतो, २० च्या वर गेला की शोध घ्यायचा. माझ्याकडे सगळीकडे ११-१२, डाव्या कोपऱ्यात २६. एका ठिकाणी वॉलपेपर पिवळट दिसला, पण मापक १२ म्हणाला. तो जुना डाग.

वर जाताना बायको खाली शिडी धरून होती. दव वाळल्यावरच गेलो, कारण ओलं फायबर फार निसरडं असतं आणि वरून जमीन ११ फुटांवर आहे. सगळं वजन एका पायावर येऊ नये म्हणून जाड फोम ठेवून त्यावर गुडघे टेकले. आधी साध्या साबणाने धुतलं, कारण मळाखाली भेग दिसत नाही. मग प्रत्येक भोकाभोवतीच्या सीलंटवर बोट फिरवलं, नखाने कड उचलून पाहिली. डोळ्याला अखंड दिसणारं सीलंट दोन ठिकाणी नखाने सरळ उचललं गेलं, खाली धूळ. त्यानंतर स्क्रू-ड्रायव्हरच्या प्लास्टिक मुठीने वीतभर अंतरावर ठोकत गेलो. खणखणीत आवाज आला तर चिकटलेलं, भदभद आला तर सुटलेलं. नशिबाने सुटलेली जागा नाही.

अँटेना आणि एका हवापाइपची भेग सापडली. पण दोन्ही मागच्या बाजूला आहेत. पुढच्या कोपऱ्यातली ओल कुठून येते?

नवी_सभासद

वाचतेय. आम्ही पुढच्या महिन्यात घेणार आहोत, फार उपयोगी पडेल.

ऊन_पाऊस

दादा, टोपीवरचे दिवे काढून बघितलेत का? या देशात ८० इंच किंवा त्याहून रुंद गाडीला समोर वर पाच पिवळे दिवे कायद्याने लागतात. प्रत्येकाच्या मागे तारेसाठी आरपार भोक असतं. दिव्याखालची फोमची पट्टी काही वर्षांत चपटी होते. गाडी उभी असताना पाणी दिव्यावरून ओघळून जातं. ६० मैलांच्या वेगाने तेच पाणी वारा आत कोंबतो. "धावताना गळतं, उभी असताना नाही" असं कोणी म्हटलं की मी आधी दिवे बघायला सांगते.

मी फीनिक्सजवळ राहते. आमच्याकडे पाऊस थोडा, पण ऊन मारतं. झरोक्यांची प्लास्टिकची झाकणं इतकी ठिसूळ होतात की बोटाने दाबली तरी कडकन तुटतात. सपाट सीलंटला दुष्काळातल्या शेतासारख्या भेगा पडतात. सगळ्याच भेगा घातक नसतात. वरच्या सायीला बारीक रेघा असतील आणि आत सीलंट मऊ असेल, तर साफ करून वर नवा थर दिला तरी चालतो. भेग तळापर्यंत गेली असेल किंवा कड उचलली असेल, तर सगळं खरवडून काढायचं.

शाकारणीचं वाचून गंमत वाटली. अ‍ॅरिझोनातही पावसाळ्याला मान्सूनच म्हणतात, १५ जून ते ३० सप्टेंबर. मी माझी पाहणी जूनच्या पहिल्या आठवड्यात करते, पहाटे पाच वाजता, कारण आठनंतर छताला हात लावता येत नाही. म्हणजे कोकणातल्या आणि माझ्या शाकारणीची तारीख जवळपास एकच निघाली की.

मालवणचा_फायबरवाला

माझ्याकडे मोटरहोम नाही, पण फायबरच्या होड्यांचं काम आमच्या घरात दोन पिढ्यांचं आहे, म्हणून लिहितो. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात, हाच शब्द, माडाच्या झावळ्यांनी नाहीतर ताडपत्रीने. त्या दोन महिन्यांत डागडुजी.

फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन. वरचा गुळगुळीत, चकाकणारा थर तो जेलकोट. होडीवर तो साधारण अर्धा मिलिमीटर असतो. तोच ऊन-पाणी झेलतो. उन्हाने तो पिठूळ होतो, बोट फिरवलं की पांढरी भुकटी हाताला लागते. पाऊस पडला की तीच भुकटी गाडीच्या अंगावरून ओघळते. हा आजार वरवरचा आहे. बारीक पॉलिशने भुकटी काढायची आणि होडीचं मेण लावायचं. फक्त दरवर्षी जोरात घासू नका. प्रत्येक वेळी जेलकोट थोडा कमी होतो, आणि तो गेला की आतले धागे उघडे पडतात. धागा उघडा पडला की तो वातीसारखा पाणी ओढतो.

भेगांचे दोन प्रकार ओळखा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसभर रेघा बहुतेक वेळा जेलकोटपुरत्या असतात. त्या जिथे आहेत तिथे ताण येतोय, कुणाचा पाय पडतोय किंवा खालचा आधार हलतोय, एवढं कळतं. दाबल्यावर उघडझाप होणारी एकच लांब भेग मात्र मॅटपर्यंत गेलेली असते. त्यावर नुसतं सीलंट थापून उपयोग नाही. दोन्ही बाजूंनी उतार घासून काढावा लागतो, जाडीच्या बारापट. २ मिमी जाडी असेल तर प्रत्येक बाजूला २४ मिमी. मग मॅटचे तुकडे, लहानावर मोठा, रेझिनमध्ये भिजवून. जुन्या फायबरवर इपॉक्सी रेझिन जास्त चांगलं धरतं. घासताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवा. काचेची कूस अंगात शिरली की दोन दिवस खाज जात नाही.

आता तुमच्या गळतीबद्दल. होडीत पाणी शिरतं ते बहुधा जोडातून, फायबरमधून क्वचित. तुमच्या छताची लांब कड अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत कशी बसवली आहे ते बघा. काही गाड्यांत पत्र्याची कड पट्टीच्या खाचेत नुसती सरकवलेली असते आणि धरून ठेवायला फक्त सीलंटची रेघ असते, स्क्रू नसतो. ८ मीटर अ‍ॅल्युमिनियम ५० अंशांच्या फरकाने ९ मिलिमीटर लांबतं. फायबर आणि प्लाय त्याच हिशोबाने लांबत नाहीत. वर्षानुवर्षं ही ओढाताण त्या एका रेघेवर येते. शिडी लावून बाजूने बघा, कडेवर अंगठा दाबत जा. पत्रा खाली गेला किंवा खाचेतून हलला तर तिथे सीलंट सुटलंय.

तळ्याकाठचा

दोघांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी ऑफिसातून आल्या आल्या शिडी लावली.

ताई, डावीकडच्या शेवटच्या दिव्यामागची पट्टी कागदासारखी झालेली. भोकाभोवती हिरवट शेवाळ, तार गंजलेली. उरलेल्या चारांपैकी दोनांची तीच गत.

पण मालवणच्या दादांनी सांगितलेलं बघितलं आणि घाम फुटला. ड्रायव्हरच्या बाजूला, टोपीच्या लगेच मागे, २२ इंच कड खाचेतून सुटलेली आहे. अंगठ्याने दाबली की आत-बाहेर होते. जमिनीवरून काहीच दिसत नाही, वर उभं राहूनही दिसत नाही. कडेशी डोळे नेऊन दाबलं तेव्हाच कळलं. या अवस्थेत मी दोनदा हायवेवर ६५ ने गाडी नेली, मागे मुलं बसलेली.

गाडीघर

काका, गाडी आता अजिबात हलवू नका. हे पाण्यापेक्षा मोठं संकट आहे. पुढची कड सुटली की वारा पत्र्याखाली शिरतो. विमानाच्या पंखासारखं वर उचलणारं बळ तिथे असतंच. चालत्या गाडीचा पूर्ण पत्रा सोलून मागे उलटलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे, ओंटारिओत, ४०१ हायवेवर. सुदैवाने मागे ट्रक लांब होता. त्या कुटुंबाला नवीन छताचा खर्च स्वतः करावा लागला. देखभाल न केल्यामुळे झालेलं नुकसान विमा कंपन्या सहसा भरून देत नाहीत.

थंडीच्या मुलखात एक भर घाला. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. नोव्हेंबरात केसभर असलेली फट मार्चपर्यंत रुंदावते, कारण ती रोज रात्री गोठते आणि दुपारी वितळते. म्हणून माझ्या पाहण्या दोन: एक ऑक्टोबरात, बर्फाआधी, आणि एक बर्फ गेल्यावर. बर्फ काढायला धातूचं फावडं कधीच वर नेत नाही, मऊ झाडू नेते.

आणि गाडी झाकायला नेहमीची निळी ताडपत्री नको. वाऱ्यावर फडफडून ती कडांशी जेलकोट घासून काढते, शिवाय खाली दमटपणा कोंडते. हवा खेळणारं कापडी आच्छादन मिळतं, नाहीतर उघडी ठेवलेली बरी.

ऊन_पाऊस

गाडीघर ताईंना +१. कड दुरुस्त होईपर्यंत गाडी जागेवरच.

पुणेरी_कॅरॅव्हॅन

धागा मुद्दाम जागा ठेवा. आम्ही पुण्यात एका मिनीबसवर कॅरॅव्हॅन बांधतोय, छत फायबरचं करून घेणार आहोत. महाराष्ट्राचं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं, त्यानंतर लोक विचारायला लागलेत. आमच्याकडे थंडी-बर्फ नाही, पण ताम्हिणीच्या पावसात चार महिने उभी राहिली तर काय? इथला फॅब्रिकेटर म्हणतो, सगळीकडे सिलिकॉन मारून देतो, दहा वर्षं बघायला नको.

तळ्याकाठचा

सिलिकॉन मारू देऊ नका. माझे तीन दिवस त्यातच गेले. आधीच्या मालकाने सुटलेल्या कडेच्या थोडं पुढे घरगुती सिलिकॉन भरलं होतं. ते फायबरवर काही काळ धरतं, मग एका बाजूने उचललं जातं. खरा त्रास त्यानंतर. त्याचा अदृश्य थर मागे राहतो आणि त्यावर दुसरं कुठलंही सीलंट चिकटत नाही, नवीन सिलिकॉनसुद्धा नाही. प्लास्टिकच्या पात्याने खरवड, सिलिकॉन काढायचं रसायन, पुन्हा खरवड, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं, असं हातभर लांबीला एक अख्खी दुपार लागली. धातूचं पातं वापरलं तर जेलकोटला चर पडतात.

मग काम असं केलं. सुटलेली कड चार दिवस पंखा लावून वाळवली. ओल्यावर सील केलं असतं तर पाणी आत कोंडलं असतं. मापक १४ वर आल्यावर खाच पूर्ण साफ केली, नवीन सीलंट आत खोलवर भरलं, पत्रा बसवून वर पट्ट्या लावून दोन दिवस दाबून ठेवला. कडेसाठी न ओघळणारं, वाळल्यावर लवचीक राहणारं सीलंट घेतलं, गाडीच्या हस्तपुस्तिकेत जे लिहिलंय तेच. सपाट जागी, म्हणजे हवापाइप आणि अँटेनाभोवती, आपोआप पसरणारं डायकोर कंपनीचं सीलंट वापरलं. ते उभ्या कडेवर लावलं तर मधासारखं खाली येतं, म्हणून दोन प्रकार वेगळे ठेवायचे. हवा १० अंश सेल्सिअसच्या वर असलेला दिवस निवडला.

दिवे काढून पाचही नवीन बसवले, प्रत्येकाखाली ब्युटाइलची (चिकट रबराची) पट्टी. स्क्रू एकदम आवळले नाहीत. ब्युटाइल हळूहळू दबतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धा फेरा दिला. दिव्याच्या खालच्या बाजूला मुद्दाम सीलंट लावलं नाही, चुकून आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडता यावं म्हणून.

नवी_सभासद

आम्ही काल एक गाडी बघितली. एसी चालू असताना छतावरून भिंतीवर पाणी ओघळत होतं. ते गळणं आहे का? आणि तिच्या सगळ्या सांध्यांवर रुंद पांढरी चिकटपट्टी मारलेली होती. चांगलं की वाईट?

ऊन_पाऊस

एसीचं पाणी ठीक आहे. छतावरच्या बहुतेक एसींचं साचलेलं पाणी छतावरच सोडतात, ते भिंतीवरून खाली येतं. आत थेंब पडला तर मात्र एसीखालची गॅस्केट (दाबून बसणारी फोमची चौकट) बघा. चौदा इंची चौकोनी भोकावर एसी फक्त चार बोल्टांनी दाबलेला असतो आणि प्रवासात ते सैल होतात. आतलं झाकण काढून आवळता येतात. गॅस्केट निम्मी दबेल इतकंच आवळायचं.

पट्टीचं सांगते. इटर्नाबॉन्डसारखी पट्टी चांगली असते, मीही एका सांध्यावर लावली आहे. पण ती एकदा बसली की निघत नाही, आणि खाली काय आहे ते झाकून टाकते. विकायच्या आधी घाईने सगळीकडे मारली असेल तर आतलं लाकूड ओलं असू शकतं. ओलावामापक घेऊन जा आणि पट्टीच्या बरोबर खाली, आतल्या बाजूने, दर फुटावर टोचून बघा. मालक टोचू देत नसेल तर टोचावं न लागणारा मापक मिळतो.

पैसे देण्याआधी दाबचाचणीही करून घ्या. छताच्या एका झरोक्यात पंखा बसवून आत थोडासा हवेचा दाब निर्माण करतात, बाकी सगळं बंद, आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी मारतात. फट असेल तिथे बुडबुडे येतात. पाणी कुठून आत जातं हे शोधण्यापेक्षा हवा कुठून बाहेर येते ते बघणं सोपं.

मालवणचा_फायबरवाला

पुणेकरांना दोन गोष्टी.

छताला मधे फुगवटा द्यायला सांगा, दोन्हीकडे उतार. सपाट छतावर आपल्या पावसात तळं साचतं, आणि साचलेलं पाणी फट शोधतंच. भोकं कमी ठेवा. सोलरचे पाय स्क्रूने बसवणार असाल तर त्या जागी मॅटचे जास्त थर आणि आत लाकडाची फळी घालून घ्या. झरोक्याची चौकट थोडी उंच करा, मुंबईच्या चाळीत गच्चीच्या दाराला उंबरठा असतो तशी.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. आपल्याकडे रेझिन घट्ट व्हावं म्हणून त्यात कोबाल्ट आणि हार्डनर दोन्ही घालतात. कोबाल्ट आधी पूर्ण रेझिनमध्ये ढवळून घ्यायचं, मग हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, स्फोट होतो. दोन्हींच्या बाटल्या एका डब्यात ठेवायच्या नाहीत, एकच मापाचं भांडं वापरायचं नाही. स्वतः घरी दुरुस्ती करायला निघालेल्या कुणीही हे आधी वाचावं.

आणि वरचा थर लावताना साधा जेलकोट हवेला उघडा राहिला तर वरून चिकट राहतो. त्यात मेणाचं द्रावण घालतात, नाहीतर वर प्लास्टिकचा कागद पसरतात.

पुणेरी_कॅरॅव्हॅन

दादा, तुमचा प्रतिसाद छापून फॅब्रिकेटरच्या भिंतीवर लावणार. फुगवट्याचं आजच बोललो. २ इंच द्यायला तयार झाला.

गाडीघर

मेणाबद्दल एक. गाडीच्या भिंतींना आणि टोप्यांना जरूर लावा, पण छताच्या चालायच्या पट्ट्यावर लावू नका. आमच्या ओळखीतले एक जण मेण लावल्यानंतरच्या आठवड्यात वरून घसरले, मनगट मोडलं.

तळ्याकाठचा

काल रात्री वादळ झालं आणि आज पहाटेपासून संततधार. दुपारी मुद्दाम गाडी काढली, आधी गल्लीत, मग कडेवर हात फिरवून, मग हायवेवर २० मैल, ५५ च्या वर नाही. परत आल्यावर गादी उचलली. डावा कोपरा १३, उजवा १२. सुटलेल्या जागी अंगठा दाबला, हलत नाही.

कोपऱ्यातला प्लाय एका वीतभर जागी काळा पडलाय. तेवढा कापून नवा घालणार आहे. तोपर्यंत गादी उभी करून ठेवली आहे आणि कपाटाची दारं उघडी.

राजापूरला फोन केला तेव्हा बाबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "उजवी बाजू दाबून बघितलीस का?" फक्त डावीच बघितली होती. उद्या सकाळी दव वाळलं की उजवी कड.